आमचाच संघ भारी

जगात फुटबॉलवेडे कोट्यवधी असतील, पण वर्ल्डकप आपण होऊन दाराशी आलेला असताना त्याच्याकडे पाठ फिरवून, कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा संघ नेमक्या कुठल्या काळात सगळ्यात भारी होता यावर वाद घालत बसणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. हे कतारमधल्या अल खोरचं सांगतोय. रास लफानच्या गॅस प्लँटवर काम करणारी आम्ही मंडळी तिथे कंपनीच्या कॉलनीत राहायचो. गावाबाहेर तंबूच्या आकाराचं भलंमोठं स्टेडियम उभं राहत होतं, रस्ते दर आठवड्याला वेगळ्याच दिशेला वळत होते, आणि ऑफिसात जो तो कुठल्या ना कुठल्या देशाचा झाला होता. आमचे शेजारी मात्र बसच्या खिडकीतून त्या स्टेडियमकडे बघायचे आणि म्हणायचे, "बांधलंय झकास. पण आमच्या ग्राऊंडची माती कुठनं आणणार?"

मी नाशिकचा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची हौसही नव्हती. पण हे गृहस्थ मला सोडतील तर शपथ. ते मला 'नाशिककर' म्हणत, आणि नाशिककर कुठल्याच बाजूचा नाही म्हणून त्यांनी मला परस्पर पंच नेमून टाकलं होतं. कॉलेजच्या फुटबॉलचे त्यांनी तीन कालखंड पाडले होते: अनवाणी काळ, कॅनव्हासच्या बुटांचा काळ आणि खिळ्यांच्या बुटांचा काळ. ते स्वतः कॅनव्हास घालून डाव्या बाजूनं खेळलेले, त्यामुळे कॅनव्हासचा काळ श्रेष्ठ हे ओघानंच आलं. खिळ्यांचे बूट आले आणि पायातली अक्कल गेली, असं त्यांचं ठाम मत होतं. ती डावी बाजू अंगात इतकी मुरलेली की बसमध्येही ते डावीकडेच बसत, आणि तिकडे जागा नसली तर सरळ उभे राहत. आमचा सुदानी ड्रायव्हर सुरुवातीला "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करून त्यांच्यावर खेकसायचा. पुढे त्यानंच त्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं सोडून दिलं.

एकदा भाजी घ्यायला आम्ही बरोबर गेलो. कुठलासा सामना समजावताना त्यांनी वजनकाट्याच्या टेबलावर कांद्यांची बचावफळी मांडली, मधे टोमॅटो, पुढे लिंबं, आणि डाव्या टोकाला, म्हणजे स्वतःच्या जागी, एक हिरवी मिरची. मागे रांग लागली होती. माझी मान शरमेनं खाली. काट्यावरच्या केरळी मुलानं शांतपणे अख्खा संघ उचलला, वेगवेगळा तोलला आणि पिशव्यांत भरला. मिरचीचं काय करायचं ते त्याला कळेना, तर हे म्हणाले, "ती राहू दे, ती मी हातातनं नेतो." ऑफिसात ब्राझीलचा एक इंजिनिअर होता. त्याच्या देशाबद्दल चार शब्द बोलायला बिचारा येऊन बसला, तर यांनी अख्खी जेवणाची सुट्टी त्याला आंतरकॉलेज फायनल ऐकवली. त्यानं अदबीनं विचारलं, तो क्लब आता कुठल्या लीगमध्ये खेळतो? हे म्हणाले, क्लब नव्हे हो, बी.कॉम.ची पोरं होती.

आता इतक्या हट्टी माणसाशी वाद घालायला तितकंच हट्टी कुणीतरी लागतं. ते त्यांच्या घरातच होतं. वहिनी त्याच कॉलेजच्या, पण चार-पाच वर्षं नंतरच्या, म्हणजे खिळ्यांच्या बुटांच्या काळातल्या. त्यांचा सख्खा भाऊ त्या संघाचा गोलकीपर. मुलगी बघायला गेले तेव्हा यांनी पोह्यांची बशी हातात घेऊन, कॉलेज कुठलं, असं विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या की तुमचा संघ मला ठाऊक आहे, फायनलला हरलेला. घरची मोठी माणसं गार पडली. परतताना यांनी जाहीर करून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच, हिला उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडायची नाही. ते उत्तर देणं पस्तिसेक वर्षं चाललं होतं.

शुक्रवारी सुट्टी. त्यांच्याकडे तांबडा रस्सा व्हायचा आणि आम्ही दोघं नवरा-बायको जेवायला असायचो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात धरून उभ्या. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात तसं त्या बोलायच्या, "मी सांगतो की नाशिककर, यांच्याकडं नुसता फोटो आहे. फायनलची ढाल आमच्याकडं आली." हे म्हणायचे, ढाल मिळाली म्हणजे खेळ आला काय. असं चढत चढत जायचं, आणि शेवटी ताटावरून उठताना त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, की आमच्या संघानं तुमच्या संघाला दोन गोलांनी हाणलं असतं. त्यावर वहिनींचंही ठरलेलं: "माझ्या भावाच्या गोलात? एक तरी घालून दाखवा." मग बडीशेप.

वर्ल्डकपला वर्षभर उरलं असेल. सुट्टीत गावी गेलेले असताना त्यांचं पोट दुखायला लागलं. वहिनींचा तो गोलकीपर भाऊ आता कोल्हापुरात डॉक्टर आहे, त्यानं तपासण्या करून घेतल्या आणि काही नसेल म्हणून परत पाठवलं. रिपोर्ट मागाहून आले. त्यानं बहिणीला फोन केला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि पसरला होता. इतक्यात त्यांना सांगू नकोस, म्हणाला. आपल्याकडे आजार ज्याचा, त्यालाच तो सगळ्यांत शेवटी कळतो. वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, तिनं मला, आणि बघता बघता गल्लीतली सगळी मराठी घरं त्यांच्याशी मऊ मऊ बोलायला लागली. मी स्वतःहून त्यांना विचारलं की त्या फायनलला पहिला पास कुणी दिला होता. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, पण सांगितलं.

त्या शुक्रवारी जेवण नेहमीसारखंच झालं. त्यांनी फारसं खाल्लं नाही. वाद मात्र त्यांनी एकट्यानंच ओढत नेला, आणि उठता उठता म्हणाले, "आमच्या संघानं दोन गोलांनी हाणलं असतं." वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "होय. तुमचाच संघ भारी होता."

मला वाटतं जगातल्या कुठल्याही नवऱ्याला हे ऐकून बरं वाटलं असतं. हे परत खाली बसले. ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "तुझ्या भावाचा फोन कधी आला?"

माझी बायको रडायला लागली. मी पंच, आणि मला कुठे बघावं ते समजेना. त्यांनी वहिनींच्या हातातला डाव काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "माझ्यापायी सख्ख्या भावाला दोन गोल खायला लावलेस होय गं? परत असं करायचं नाही. मी आहे तोवर भांडायचं." वहिनी कशाबशा म्हणाल्या, "भांडतो."

आणि त्या भांडल्या. दोह्याच्या हॉस्पिटलात, केमोच्या बाटलीखाली, त्या माणसाची तसूभर गय त्यांनी केली नाही. वसईची एक नर्स होती, ती एकदा धावत आली आणि मराठीत दटावून गेली की पेशंटला त्रास देऊ नका. यांनी तिला थांबवलं आणि तीन कालखंड समजावले. ते ऐकल्यावर ती कॅनव्हासच्या बाजूची झाली, तर वहिनी दोन दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. ते वाळत चालले होते, आवाज खोल गेला होता, पण वादाला बसले की डावा पाय चादरीखाली हलायचा. मी ते बघायचो आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहायचो. मला सहन होत नव्हतं.

वर्ल्डकपला महिना राहिला होता तेव्हा ते गेले. त्या दिवशी अल खोरच्या रस्त्यावर खांबाखांबांवर सगळ्या देशांचे झेंडे चढवत होते, आणि मला त्या झेंड्यांचा विनाकारण संताप आला. त्यांना कोल्हापूरला न्यायचं होतं, कागदपत्रं व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून कॉलनीतलेच एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "वहिनी, ते म्हणायचे तेच खरं होतं. त्यांच्याच काळातला संघ भारी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

वहिनींनी मान वर केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमचाच भारी होता. माझ्या भावाच्या गोलात त्यांचा एकपण गोल गेला नसता."

एवढं बोलून त्या सवयीनं उत्तरासाठी थांबल्या. आम्हीही थांबलो.