खंडेनवमीच्या पाटावरचा टॅब

अन्याय माझ्या चुलत बहिणीवर झाला. गेल्या खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजता, अंथुर्ण्यात, आमच्या स्वतःच्या पडवीत.

पत्रकाची सुरुवात अशी करायची, हे मला शिकवलेलं आहे. पहिल्या ओळीत कोणावर आणि कधी. दुसऱ्या ओळीत कोणी केला. शेवटी मागणी, आणि तीही सरळ. रस्त्यावर, पाण्याच्या पाळीवर, दाखल्यांवर मी पत्रकं लिहिली आहेत आणि दुसऱ्या ओळीला कधी अडले नाही. नाव टाकायला मला भीती वाटत नाही. या वेळी मात्र दुसरी ओळ कोरीच आहे. चार वेळा लिहिली, चार वेळा खोडली. म्हणून हे पत्रक नव्हे. जे झालं ते आठवतं तसं लिहिते आहे.

ताई माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी. त्यांना सगळं घर आबा म्हणतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गाव तिला मुकी म्हणतं, आणि त्यावरून मी गावाशी भांडलेली आहे. ती मुकी नाही. बारामतीला कर्णबधिरांच्या शाळेत वसतिगृहात राहून ती हातांनी बोलायला शिकली. दोन्ही हात, कोपरं, भुवया, गाल, सगळं लावून ती बोलते. फक्त घरात ते कुणाला कळत नाही. आम्हाला येतात त्या तीसेक खुणा. जेव, ये, लाईट गेली, ब्लाऊज न्यायला आलेत. आबांसाठी टोपीची खूण, माझ्यासाठी तळहातावर लिहिल्याची. एवढ्यावर आमचं घर तिच्याशी इतकी वर्षं बोलत आलं, आणि ते पुरतं असं आम्हाला वाटत होतं. तिचं खरं बोलणं एकाच माणसाशी व्हायचं. शाळेतली मैत्रीण, जी आता बारामतीच्या एमआयडीसीत एका शिलाई कारखान्यात मशीनवर बसते. दोघींचं व्हिडिओ कॉलवर चालायचं.

टॅब घ्यायचं तिनं ठरवलं. ब्लाऊज शिवून साठवलेल्या तिच्या पैशांत. मी सोबत गेले, आबाही आले. बारामतीत स्टँडजवळच्या दुकानात पोरानं विचारलं, कशासाठी पाहिजे? ताईला विचारलं नाही, आबांना विचारलं. आबा म्हणाले, डाळिंबाचे भाव बघायला, फोनमधली अक्षरं आता दिसत नाहीत. मी म्हणाले, पत्रकं करायला. आईनं सांगून ठेवलंच होतं, कीर्तन मोठं दिसावं. एका टॅबला तीन कारणं मिळाली आणि ताई तोवर बोललीच नव्हती.

मग दुकानदारानं विचारलं, सिमवालं का नुसतं वायफायचं? आणि हसून म्हणाला, "ताईस्नी कॉलिंगचं काय करायचंय, साधं घ्या की."

आबाही हसले. मी दुकानदाराला दोन शब्द सुनावले. ताईला काय चाललंय ते ओठांवरून समजलं असावं. तिनं समोर मांडलेल्यांतला पहिला टॅब उचलला, काउंटरवर उभा केला, कॅमेरा लावला आणि एक पाऊल मागं सरून दोन्ही हात छातीपुढं पसरले. कोपरापासून बोटांपर्यंत. पडद्याच्या कडेला तिची बोटं कापली जात होती. तिनं मान हलवली, नको. दुसरा उभा केला. त्यात अख्खे हात बसले, चेहराही बसला. तिनं आधी सिमच्या जागेवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

फोन एका हातात धरावा लागतो हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तिच्यासाठी एक हात धरून ठेवणं म्हणजे आपण अर्धं तोंड दाबून बोलण्यासारखं. टॅब उभा राहतो, त्याला धरायला लागत नाही. टॅब घ्यायचं खरं कारण एवढंच होतं, आणि ते तिनं दुकानात सगळ्यांपुढं सांगितलं. मी पाहिलं. मला समजलं. पुढं जे झालं ते समजल्यानंतर झालं, माझा गोंधळ तिथंच आहे.

पहिला महिनाभर टॅब ताईच्या मशीनवर असायचा. मग सकाळी भाव बघायला आबांनी न्यायला सुरुवात केली, दुपारी आईचं कीर्तन लागायचं. घरात वस्तू आली की घराची होते, आमच्याकडं याला कुणी घेणं म्हणत नाही. आणि मग मी नेला.

मी कशासाठी नेला ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तालुक्याच्या कचेरीत कर्णबधिर माणूस काही कामासाठी गेला तर त्याचं बोलणं कुणाला समजत नाही. तिथं खुणांची भाषा येणारा एक माणूस नेमा, अशी आमच्या संघटनेची मागणी होती. त्यासाठी सह्या आणि लोकांचं म्हणणं गोळा करायचं होतं. मी टॅब घेऊन भवानीनगर, पळसदेव असं फिरत होते. फोन काढला की लोक पाठ फिरवतात, टॅब काढला की खुर्ची देतात. पळसदेवच्या एका म्हाताऱ्यानं पडद्यावर बोटानं सही करता करता विचारलं होतं, "मोठं हाय म्हंजी सरकारी हाय न्हवं?" मी नाही म्हणाले, तरी त्यानं सरकारी समजूनच सही केली. मला तेव्हा हसू आलं. कर्णबधिरांच्या हक्कासाठी मी एका कर्णबधिर बाईचं बोलणं पिशवीत घालून गावोगाव हिंडत होते, आणि ती घरी मशीनपुढं बसून वाट बघत होती. हे मला एकदाही, एका क्षणालाही दिसलं नाही. कसं दिसलं नाही? मला खरंच कळत नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी परत आले. टॅब माझ्याच पिशवीत. ताई समोर येऊन बसली आणि बोलायला लागली, भराभर, दोन्ही हातांनी. मी फोनवर कुणाला तरी उत्तर लिहीत होते. तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी वर न बघता मान हलवली, व्हय, व्हय. ती थांबली. मग उठून गेली. तिला वाटलं मला समजलं, मी हो म्हणाले.

ती काय सांगत होती ते नंतर कळलं. मैत्रिणीच्या कारखान्यात तिच्यासारख्याच काही बाया आहेत. तिथल्या पर्यवेक्षक बाईला खुणा येतात आणि तिला अजून एकजण हवी होती. खंडेनवमीला कारखान्यातली मशीनं पूजेला, म्हणून बाई मोकळी. अकरा वाजता मैत्रीण बाईला घेऊन कॉल करणार होती. ताईनं बोलायचं, काम सांगायचं, हात दाखवायचे. बस्स.

तिथं मशीनं बंद म्हणून त्यांना वेळ होता. आमच्याकडंही तोच सण.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं धुऊन पाटावर बसवतात. विळा, खुरपं, कोयता, नटबोल्टाचे पाने, फवारणीचा पंप. झेंडू, ऊस, हळदीकुंकू. एकदा बसवलं की दसऱ्याच्या सकाळी उचलेपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विसावा. मला हा सण आवडतो, त्यात भटजी लागत नाही. त्या सकाळी आबा म्हणाले, जे जे राबतं ते आणा. मी ताईच्या मशीनला हार घातला आणि मग मला सुचलं, टॅबही राबतोच की. पाटाच्या मधोमध ठेवला, कोयत्याशेजारी. कुंकवाची बोटं ओढली. वरचं बोट नेमकं कॅमेऱ्यावर गेलं. सगळ्यांना कौतुक वाटलं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा, खाली लिहिलं, आमच्या चळवळीचं हत्यार.

अकराला थोडा वेळ कमी असताना ताई बाहेर आली. नीट विंचरलेली, चांगली साडी नेसलेली. तिनं पाटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग वाकून टॅबला हात घातला.

आबा ओरडले नाहीत. त्यांनी हळूच तिचं मनगट धरलं आणि आम्हाला म्हणाले, "आज न्हाय. उद्या बोल म्हणावं. एक दिसानं काय हुतंय."

ताईनं मशीनची खूण केली, मनगटावर घड्याळाची केली, पुन्हा मशीनची केली. आबांना वाटलं ती मशीन उचलायचं म्हणतेय. त्यांनी मशीनकडंही बोट करून मान हलवली, तेही नाही. मला तोवर थोडं समजत होतं. मी आबांना म्हणाले, तिचा कॉल असेल. आबा म्हणाले, घरात चार फोन हायत, घे म्हणावं एक.

तिनं आईचा फोन घेतला, इथं कॉल कर असा मैत्रिणीला त्यावरून निरोप टाकला. पाटावरच्या उसाला टेकवून उभा करायला बघितला, तो घसरला. डब्याला टेकवला, पडला. कॉल आला. तिनं डाव्या हातात फोन धरला आणि उजव्या हातानं बोलायला लागली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. दोन्ही हात मोकळे. फोन धरायला माणूस लागत होता आणि तो माणूस मी होते. तरी मी बघत राहिले. का, ते विचारू नका. मी आबांशी वाद कसा घालायचा याची वाक्यं जुळवत होते, असं मला आठवतं. सणाच्या नावाखाली, असं काहीतरी. ताईचा एक हात हवेत वाक्यं अर्धी अर्धी सोडत होता. मध्येच तिनं फोन हनुवटीखाली दाबून दोन्ही हात सोडवले, तर चेहराच दिसेना. पडद्यावरची बाई सारखी पुढं वाकून बघत होती. मग तिनं हसून हात जोडले. कॉल संपला.

आठवड्याभरानं मैत्रिणीनं कळवलं. बाईला हिचं बोलणं तुटक वाटलं, शाळेत नीट शिकली नसावी असं वाटलं. जागा दुसऱ्या मुलीला दिली. पुन्हा निघाली तर बघू, म्हणाली.

आता लिहा दुसरी ओळ. आबांनी केला? त्यांनी रीत पाळली, आणि फोन घे म्हणाले. बाईनं केला? तिला जे दिसलं त्यावर तिनं ठरवलं. सणानं केला? तोच सण होता म्हणून तर बाई मोकळी होती. मी केला, असं लिहावं तर पत्रक लिहिणाऱ्यानं स्वतःचंच नाव टाकायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय नुसतं 'मी' लिहून मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि ते मला नको आहे.

कॉलच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी आबांनी हत्यारं उचलली. टॅब धोतरानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "घे, तुझं काम खोळंबलं असंल." आणि मी घेतला. एवढं सगळं होऊन हात आपोआप पुढं गेला. ताई उंबऱ्यात उभी होती. तिनं मागितला नाही. मीच मग तिच्याकडं नेला, तिनं घेतला, ब्लाऊजच्या चिंधीनं कॅमेरा घासला. कडेच्या फटीतलं कुंकू निघालं नाही. अजून कॉलवर तिचा चेहरा एका बाजूनं लालसर दिसतो. मैत्रीण विचारते, ऊन लागतंय का?

सह्या आता मी कागदावर घेते. लोक खुर्ची देत नाहीत. टॅब मशीनवर असतो. आबा भाव बघायला येतात तेव्हा ताईच्या खांद्याला हात लावून आधी विचारतात, दोन दिवस विसरतात, तिसऱ्या दिवशी विचारतात. मी एक खूण शिकले आहे: तुझं आहे. चुकते, ती हसते.

कारखान्यात पुन्हा जागा निघाली आहे. येत्या सोमवारी, अकरालाच.

वाचणाऱ्या, तुझ्या घरातला टॅब कुणासाठी घेतला होता ते आठव. दुकानात कोणी काय कारण सांगितलं होतं, तेही आठव. मग ऊठ, आणि तो त्या माणसाच्या हातात दे. चार्ज करून. आणि त्याला दोन्ही हात लागत असतील, तर समोर बसून धर.