बापूची ऑटोवरची मोटार आणि सुनंदाच्या विहिरीची परीक्षा

गॅसवर दूध ठेवून माझं वाचत बसलात ना? जा, आधी बंद करून या. मागच्या खेपेलाही उतू घालवलंत.

आलात? तर ऐका. तासगावाकडं दिलेल्या माझ्या लेकीनं, सुनंदानं एकरभर ऊस लावायचं ठरवलं, बेणंही सांगून ठेवलं. विहीर उन्हाळाभर पुरेल का, हे मात्र विहिरीला कुणी विचारलं नव्हतं. नात प्राजक्ता कराडला इंजिनियरिंग शिकते. मी बोलते ते हीच लिहिते. ती म्हणाली, "आज्जी, उपसून बघूया." मी पिशवी भरली.

उंब्रजहून सकाळची एसटी धरा, कराडला बदला, पुढं विट्यावरून तासगाव. मला वयामुळं फुकट, नातीला अर्धं तिकीट. विट्याच्या स्टँडवर भजी घ्या, पण कढईतून निघताना दिसली तरच.

दुसऱ्या दिवशी डिझेल इंजिन लावलं. एकाच वेगानं उपसायचं आणि विहिरीतलं, शेजारच्या बंद बोअरमधलं पाणी किती उतरतं ते टेपनं मोजत राहायचं. त्यावरून खडक किती पाणी धरतो, किती वेगानं सोडतो ते कळतं. रांजण भरलेला बघून पाहुणे बोलवू नयेत, झरा बघावा.

दुपारी बोअरमधलं पाणी एकदम खाली गेलं. नात वहीत डोकं घालून बसली. मी मान वर केली, तर पलीकडं शेजारच्या बापूच्या रानात पाइपातून पाणी धो-धो!

"बापू, मोटार बंद ठेव म्हटलं हुतं न्हवं?"

"आवं आज्जी, मी कुठं चालू केली? ऑटोवर हाय. लाईट आली, सुरू झाली."

"व्हय रं, मालकापेक्षा मोटारच कामाची!"

सगळी मोजणी वाया. सुनंदा म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे आता." राहू दे कशाला? पाणी पहिल्या खुणेला यायला दोन दिवस लागले, आम्ही थांबलो. मग पुन्हा इंजिन लावलं आणि मी बापूच्या मोटारीच्या पेटीपुढं पोतं टाकून बसले. लाईट आली. बापूही आला, माझ्याकडं बघून परत गेला.

इंजिन थांबवून पाणी चढतानाही मोजलं. आकडे मांडून प्राजक्ता म्हणाली, "आत्या, खडक पाणी देतो, पण लय सावकाश. शाळू ज्वारीला पुरेल. ऊस उन्हाळ्यात वाळेल."

सुनंदा विहिरीच्या कठड्यावरून उठली. मग म्हणाली, "बेणंवाल्याला फोन लाव. नको म्हणून सांगते."

घरी येऊन आठवडा झाला. नळ सोडला की अजून वाटतं, खाली कुणीतरी टेप धरून बसलंय. सुनंदा फोनवर नुसतं हूं-हूं करते. पण ती हे वाचणार, म्हणून सांगते: गूळ मी कराडचा आणीन, त्याची काळजी नको. शाळूत कोवळा दाणा भरला की हुरड्याची कणसं पाठव, सकाळच्या एसटीनं, ओल्या फडक्यात. भाजू नकोस, मी भाजीन. आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी बांध.