नाव न घेता

आमच्या आरोग्य प्रकल्पात एक नियम होता. गोष्ट कुणाचीही सांगा, नाव घ्यायचं नाही. प्रकल्पाच्या डॉक्टरीणबाई हे इतक्यांदा सांगायच्या की आम्हा खेड्यापाड्यांतल्या सेविकांना ते तोंडपाठ झालं होतं. मला तर तो नियम फार आवडायचा. नाव झाकलं की अब्रू झाकली, असं मला खरंच वाटायचं. माझी अक्कल तेव्हा तेवढीच होती, आणि आता स्पष्टच बोलते, बाईंचीही तेवढीच होती.

मी जिंतूरकडच्या खेड्यात दिलेली. माहेर चुडाव्याजवळ, घरात बसून गाडीची शिट्टी ऐकू येईल इतकं रुळांना लागून. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. बारसं झालं, पोरगी ओळखीचं हसायला लागली, मला सासरी पोचवायची बोलणी सुरू झाली आणि तिला हगवण लागली. माय तेव्हा मिसरी लावत होती. बोट तोंडातच, दुसरा हात कमरेवर. तशीच ती म्हणाली, “पानी पाजू नको. वरून वतलं की खालून जातंय. पोट कोरडं ऱ्हाऊ दे तिचं.”

टाळू खोल गेली तेव्हा तिनं त्यावर तेलाचा बोळा ठेवला. माझ्या मायला कुणी नावं ठेवू नयेत. घरोघरी तेच करत होते. पण तिनं आणखी एक केलं, जे दुसऱ्या कुणी केलं नसतं. लेकराला पाणी नाही म्हणून तिनंही पाणी सोडलं. ओठ फुटले, जीभ टाळ्याला चिकटली, तरी तांब्याला हात लावला नाही. पोरगी गेली. “देवानं दिली, देवानं नेली,” एवढंच माय म्हणाली, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं मी सेविका झाले आणि प्रशिक्षणात साखर-मिठाच्या पाण्याचा धडा आला. हगवणीत मूल मरतं ते पाणी संपून, आणि घोट घोट पाणी पाजत राहिलं तर बहुतेक मुलं वाचतात. त्या दिवशी मी एकच ठरवलं, की हे मायला कळू द्यायचं नाही. देवानं नेली, यावर ती जगत होती. ते मला तिच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं.

पण बाईंनी प्रत्येकीला आपापला अनुभव सांगायला लावला आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. माणसाची गोष्ट सांगताना आपण त्याची लकब केल्याशिवाय राहतो का? तोंडात बोट, कमरेवर हात, सगळं करून दाखवलं. बायका रडल्या. बाईंनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, “यावर नाटक बसवू का? नाव घेणार नाही.” मी मानेनंच हो म्हटलं.

नाटक मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रकल्पाच्या आवारात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर. आजीचं काम करायला मिशी काढलेला एक कार्यकर्ता होता. लुगडं नेसून, तोंडात बोट घालून, ठेक्यात कंबर हलवत तो “वरून वतलं की खालून जातंय” असं गायचा आणि मागचे सगळे ते उचलून धरायचे. लोक पोट धरून हसत होते. पाहुण्यांनी फोटो काढले, कुणीतरी तर ती ओळ लिहून घेतली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आजीनं पाणी सोडलं ते नाटकात कुठंच नव्हतं. मी विचारलं तर तो कार्यकर्ता समजावणीच्या सुरात म्हणाला, “त्यानं म्हातारीची कीव येते हो ताई. मग लोक हसत नाहीत, आणि हसले नाहीत तर लक्षात ठेवत नाहीत.”

ते नाटक येलदरीपर्यंत फिरलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज इथं बंद, उद्या तिथं बंदोबस्त, आणि पारावर खेळ लावला तर दलित वस्तीतलं कुणी येणार नाही हे ठरलेलं. म्हणून बाई हट्टानं शाळेच्या पटांगणात खेळ करायच्या. गावातले मानकरी फुगून बसले तरी ऐकायच्या नाहीत. लोकांच्या मानाची इतकी चाड असलेली ती बाई. म्हणूनच पुढचं मला अजून उमगत नाही.

एका दुपारी जीप कुठं चाललीय ते मला वाटेत कळलं. माझ्या माहेरी. मी म्हणाले, “बाई, या गावात नको. माझी माय हाय तिथं.” त्या हसून म्हणाल्या, “अगं, नाव थोडंच घेतोय आपण?” एवढं बोलून त्या पुढच्या खेळाचं बोलू लागल्या.

माय पटांगणात आधीच येऊन बसली होती, अगदी पुढं. घडीचं लुगडं नेसून. गल्लीतल्या बायकांना हाताला धरून आणलं होतं. मला बघून हात वर करून ओरडली, “ही माझी लेक! आमच्या लेकीचा खेळ हाय!” मला तिच्याकडं बघवेना.

मिशी काढलेली आजी आली, तोंडात बोट घातलं, कमरेवर हात ठेवला. मागून कुणीतरी बाई ओरडली, “आगं बया, ही तर तूच की!” सगळ्या बायका मायकडं वळल्या. मायही हसली. तिला वाटलं, लेकीनं कौतुकानं आपली नक्कल बसवली. ती पदर तोंडाला लावून, लाजत लाजत हसत होती. मग गाणं लागलं, चिंध्यांचं बाळ निपचित पडलं, आणि सूत्रधार पुढं येऊन म्हणाला, “पाणी पाजलं असतं तर हे लेकरू आज शाळेत गेलं असतं.”

मायचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून ती विझत गेली. ते मी पाहिलं. तिनं मान वळवून मला शोधलं. मी जीपच्या आडोशाला उभी होते. पुढं व्हावं, तिच्या शेजारी जाऊन बसावं, एवढंच करायचं होतं. लाजेनं पाय उचलेनात.

नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांतल्या एका बाईला बोलावून तिच्या हातनं पाणी करून घ्यायची पद्धत होती. ती चव बघायची, आणि डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागत नाही ना, ते सगळ्यांना सांगायची. पाणी करून घेणाऱ्या त्या बिचाऱ्या कार्यकर्त्याला काय ठाऊक. त्यानं पुढं बसलेल्या मायलाच हात दिला. “या आजी, तुम्ही या.”

माय उठली. मूठभर साखर, चिमूटभर मीठ, तांब्याभर पाणी. तिनं नीट ढवळलं. पेला भरून तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. कार्यकर्ता म्हणाला, “सांगा आता सगळ्यांना, कसं लागतं?”

“डोळ्यातल्या पान्यावानीच हाय,” माय म्हणाली. “पन तुमचा खेळ आर्धा हाय. लेकराला न्हाई पाजलं तवा त्या म्हातारीनंबी पानी सोडलं हुतं. ते कुनी दावलंच न्हाई.”

कुणी हसलं नाही. बाईंचे डोळे भरून आले. मनानं त्या चांगल्याच होत्या. पुढं होऊन त्यांनी मायचे दोन्ही हात धरले आणि गहिवरून म्हणाल्या, “मावशी, हे आपण नाटकात घेऊ या. लोकांना भिडेल. तुमचं नाव घेणार नाही.”

मायनं हात सोडवून घेतले. पदर सारखा केला.

“घ्या की नाव,” ती म्हणाली. “नाव घ्यायचं आसतं तर आदी मला इचारावं तरी लागलं आसतं.”