छावणीतली रहस्यकादंबरी

त्या कादंबरीत दोष भरपूर होते. गुन्हेगार तिसऱ्या प्रकरणातच ओळखू यायचा, कारण लेखकाने त्याला उगाचच गोड बोलायला लावलं होतं. गोष्टीतल्या थंड हवेच्या गावातले सगळे लोक एकाच तऱ्हेने बोलायचे. फौजदार आणि भाजीवाली यांच्यात काडीचा फरक नव्हता. आणि माझ्याच वयाची नायिका सायकल काढून कुठेही, कधीही जायची. तिला घरी विचारणारं कुणी नव्हतं. तरी त्या उन्हाळ्यात मी ती किती वेळा वाचली याला गणती नाही. गुण एकच होता, पण भक्कम. दार आतून बंद आणि माणूस आत नाही. तो बाहेर पडला कसा, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. बाहेर कसं पडायचं, हाच माझाही प्रश्न होता.

दुष्काळाचं साल होतं. पाटोद्याकडच्या आमच्या गावात सहकारी दूध संस्थेने माळावर गुरांची छावणी उघडली होती. दूध तर आटलंच होतं, निदान जनावरं तरी जगावीत म्हणून. आईवडील पुण्याला बांधकामावर गेले आणि मला चुलत्यांच्या हवाली करून गेले. काका संस्थेचे संचालक. दिवसभर छावणीतल्या लिंबाखाली बसून चाऱ्याच्या वाटपावर नजर ठेवायचे. काकू आणि मी तिथेच, गोणपाट आणि जुन्या लुगड्यांच्या खोपीत, दोन बैल आणि एका गाईपाशी राहायचो. जनावराजवळ घरचं माणूस असेल तरच चारा मिळायचा. म्हणजे खुंट्याला गाय बांधलेली आणि गाईला मी. चारी बाजूंनी उघडा माळ, पण जायला वाट नाही. जीव नुसता कोंडून जायचा.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. शाळेतल्या बाई, ज्यांनी मला ते पुस्तक दिलं होतं, छावणीत आल्या. "हुशार आहे हो पोरगी. बीडला अकरावीला घाला, वसतिगृहाचं मी बघते," असं काकांना म्हणाल्या. काकांनी त्यांना चहा पाजला आणि चारचौघांत सांगून टाकलं, "यंदा न्हाई बाई. पुढल्या सालाला बघू." पुढल्या सालाला मुलीचं काय बघतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या वर्गातल्या दोघींचं तर बघून झालंही होतं. त्या दिवशी मी गाईवर खेकसले. तिचा बिचारीचा काय दोष!

दुपारी जनावरं बसली की मी कादंबरी मोठ्याने वाचायचे आणि काकू गोधडीला टाके घालत ऐकायची. काकूला अक्षरओळख नव्हती. तिचे आक्षेप वेगळेच असायचे.

"ह्या पोरीला चुलती, मावशी कुणीच न्हाई का गं? भाकर कोण करून देतं हिला?"

"पुस्तकात भाकरी नसतात, काकू."

"मग उपाशीच हिंडती व्हय?"

खरं भांडण व्हायचं ते त्यातल्या युक्तीवरून. गोष्टीतला संगीत शिक्षक खोली बंद करून पेटी वाजवत बसलाय, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात आत टेप चालू असते आणि तो मागच्या खिडकीतून केव्हाच बाहेर पडलेला असतो. मला हे साफ खोटं वाटायचं. टेप वाजतेय की माणूस, एवढंही लोकांना कळत नाही?

"कळतं की, कान देऊन ऐकलं तर," काकू म्हणाली. "पर ऐकतंय कोण? आवाज चालू हाय म्हंजी माणूस हाय. मी रोज एवढं बोलते, इचार तुझ्या काकांना, काय बोलले म्हणून."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने माझ्या हातात गुणपत्रक आणि फडक्यात बांधलेली भाकर ठेवली. आदल्या दिवशी पाणी आणायला गेल्यावर तिने बाईंना गाठलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता.

"बाई फाट्यावर थांबल्यात. मागल्या अंगानं जा."

"काकांनी विचारलं तर?"

"तू आत वाचत बसलीस."

"आणि वाचणार कोण?"

"मी. कितींदा ऐकलंय ते."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. "काकू, त्यांना कळलं तर तुझं काय?"

"एकदा नाव लागू दे, हेच लिंबाखाली मिरवतील. जा आता, यष्टी जाईल."

बीडला कॉलेजच्या रांगेत मला एकच चित्र दिसत होतं: काका खोपीचं लुगडं सरकवून आत डोकावताहेत. बाईंनी धावपळ केली आणि प्रवेश झाला. (पुढे काका खरंच मिरवले.) पण तेव्हा आनंद काही होईना. स्टँडवर बाईंनी जेवून घे म्हटलं, पण मी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. मी सुटले होते आणि माझ्या जागी काकू अडकून बसली होती.

परतले तेव्हा उन्हं कलली होती. काका लिंबाखाली होते, खोपीकडे पाठ करून. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "पोरगी आज लई वाचायलीय."

"वाचू द्या," काका म्हणाले. "पुढल्या सालाला कुठं वाचती."

मी मागच्या अंगाने खोपीशी आले. आतला आवाज माझ्यासारखा मुळीच नव्हता. घसा बसलेला, बोली आमच्याच घरातली. कादंबरी केव्हाच संपली होती, संगीत शिक्षक पकडला गेला होता, तरी काकू थांबली नव्हती. तिच्या गोष्टीतली पोरगी सायकल सोडून यष्टीत बसली होती. बीड आलं होतं. रांग लांबलचक होती, पण नंबर लागला होता.

मी लुगडं सरकवून आत गेले. काकूने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज तिने तुटू दिला नाही.

"आन् त्या पोरीनं भाकर खाल्ली का न्हाई," ती पुस्तकावर नजर ठेवून वाचत होती, "ह्याचा तिच्या चुलतीला लई घोर लागला."

मी फडकं सोडलं. काकू वाचत राहिली आणि मी तिच्यासमोर बसून भाकर खाल्ली.