टेकडीवरचा राउटर

मलावीतल्या म्झुझूच्या कॉलेजात मी नेटवर्क सांभाळायला लागले, तेव्हा तिथले जुने तंत्रज्ञ न्यिरेंडाबाबा निवृत्तीला आले होते. एकदा रस्ता खणताना टेकडीवरच्या राउटरची एक केबल तुटली. ऑफिसातून त्याच्या पत्त्यावरून उत्तर येईना, म्हणून राउटर जळाला असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. बाबा टेकडी चढले. मी त्यांच्या मागोमाग. वर राउटर छान चालू होता आणि दुसरी केबलही शाबूत होती.

“पोरी, तू हाक मारलीस तुटलेली केबल ज्या भोकात होती, त्या पोर्टच्या पत्त्यावर. तो ओ कसा देणार?”

“मग पत्ता कुठल्या पोर्टचा ठेवायचा?”

“जो डब्यावर नाहीच, त्याचा.”

त्यांनी दोन ओळी टाइप करून राउटरच्या आत एक आभासी इंटरफेस, म्हणजे नुसता कल्पनेतला पोर्ट, बनवला आणि पत्ता त्याला दिला. त्याला ना भोक, ना केबल. राउटर चालू आहे तोवर तो जागा, आणि उरलेल्या कुठल्याही केबलने त्याच्यापर्यंत पोचता येतं.

मग आम्ही पायरीवर बसून भाजलेली कणसं खाल्ली. “मी तर याच चुकीपायी एकदा चांगला राउटर फेकून दिला होता,” ते हसत म्हणाले.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. खाली आल्यावर ‘राउटर आता उत्तर देतोय’ एवढंच सांगून त्यांनी माझी चूक कुणाला कळू दिली नाही, ते अजून आठवतं.