प्रमिलाताईंचा वेग

प्रमिलाताई रोज सकाळी आम्हा पाच जणांना टेबलाभोवती उभं करायच्या आणि विचारायच्या, "काल काय केलं, आज काय करून राह्यला, अन् कुठं अडलं?" कुणी "चालू आहे" एवढंच म्हटलं, की त्यांची मान वर व्हायची. "पुरं वाक्य बोल. दम लागला का तुले?"

दारव्ह्याजवळच्या बोरी अरबच्या या बाई कॉलेजात असताना दहा किलोमीटरच्या शर्यती पळायच्या. पुढे संगणक शिकून यवतमाळातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीमच्या प्रमुख झाल्या. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून काम करायची अजाइल पद्धत आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. त्यांना ती पळण्यातून कळली होती. "पळता पळता ज्याले बोलता येत नाही, तो ताकदीपेक्षा जोरात पळून राह्यला," त्या म्हणायच्या. "आज पुढं जाशीन, पण उद्या उठशीन का?" मग अडलेल्याचं काम त्या सगळ्यांत वाटून द्यायच्या.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. ज्या घरात कुणी जीव दिला, तिथल्या माणसांना पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. कोणत्या घरी कधी जायचं, याची यादी तो काढून द्यायचा. एका तालुक्यात तो नीट चालला. मग संस्थेनं विचारलं, सगळा जिल्हा महिन्याभरात होईल का? त्यात दारव्ह्याकडची, ताईंच्या ओळखीची घरंही होती. आम्हाला न विचारताच ताईंनी संस्थेला शब्द दिला.

त्या महिन्यात सकाळची बैठक पाच मिनिटांत उरकायची. आमच्यातला नीलेश रोज "चालू आहे" म्हणायचा आणि ताई पुढच्याकडे वळायच्या. घरांची यादी काढणारा भाग त्याला एकट्याला झेपत नव्हता, हे मला शेजारी बसून दिसत होतं. मी गप्प राहिलो.

प्रोग्राम वेळेत गेला. पंधरा दिवसांनी संस्थेतून फोन आला: एकदा भेट झालेली घरं दुसऱ्या भेटीच्या यादीत येतच नव्हती. ताईंनी सुटलेली नावं कागदावर उतरवली आणि संस्थेच्या लोकांबरोबर आम्ही गाड्यांवरून गावोगाव निघालो. मी ताईंच्या मागे बसलो होतो. बहुतेक घरी माणसं दारात येऊन बोलली. दारव्ह्याकडच्या एका बाईच्या घराला कुलूप होतं.

शेजारीण म्हणाली, "तिनंबी जीव द्याले पाह्यलं. काल यवतमाळले नेलं, दवाखान्यात. चार दिवस वाट पाह्यली तिनं. म्हने, संस्थेच्या बाई येनार होत्या, आल्या नाई."

ताई तिथंच ओट्यावर बसल्या.

ती बाई वाचली. संस्थेच्या बैठकीत नीलेश कबुली द्यायला उठला, तसं ताईंनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "वेग मी ठरवला होता," एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, मला दिसत होतं. मी बोललो नाही."

"मलेही दिसत होतं बापू," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं नाही."

चूक दुरुस्त झाली. नव्या यादीतलं एकूणएक नाव स्वतः तपासून ताईंनी राजीनामा दिला आणि त्याच संस्थेत घरोघर जायचं काम मागून घेतलं. त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो.

"नोकरी कशाला सोडता ताई? तिथं दुसरं कोणी जाईल की."

"परवा त्या कुलपाच्या घरच्या बाईले भेटाले गेलती," त्या म्हणाल्या. "मले म्हने, मंगळवारी याल ना?"

तो मंगळवार होता. दारव्ह्याची एसटी लागली, आणि त्या चढल्या.