झिंग्यांची पेटी आणि सासऱ्यांचा हंडा

जालन्यात नळाला पाणी येतं, त्या दिवशी आमच्या गल्लीत सण असतो. अशा गावात मी काचेची पेटी आणून, तिच्यात पाणी भरून नुसतं बघत बसायचं ठरवलं, तेव्हा अर्ध्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. उरलेली अर्धी पाणी बघायला आली. एक म्हातारा तर हात जोडून गेला.

एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात माझी नोकरी. भट्टीसमोर उभं राहून माझी सावलीसुद्धा भाजून निघते. घरी आल्यावर काहीतरी गार, ओलं आणि मुकं बघावं, एवढंच वाटायचं. म्हणून लाल झिंगे. खायचे नव्हेत, शोभेचे. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे.

बायकोनं अट घातली, "झिंगे मेले की पेटी माझी. पापड ठिवीन त्यात. बराबर बसतेत, मापून पाह्यलंय मी."

तळाला काळी रेती, तिच्यावर शेवाळाचा गोळा, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज. मग थांबायचं. पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, त्याशिवाय झिंगे टिकत नाहीत. शेजारी विचारायचे, "काय करून राह्यले?" मी म्हणायचो, "पाणी मुरवून राह्यलो." तेवढ्यात कापूस पेरून वेचून झाला असता.

शेवटी संभाजीनगरहून एसटीनं झिंगे आणले, पिशवी मांडीवर घेऊन. दुकानदारानं बजावलं होतं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी झिंग्यांना विष. मी ते घरात इतकं ऐकवलं की भिंतींनाही पाठ झालं.

पिंपळगाव रेणुकाईहून सासरे मुक्कामाला आले, तेव्हा भिंती मात्र गप्प राहिल्या.

सकाळी दाढी करून बाहेर येतो तर सासरे पेटीवर गावाहून आणलेला तांब्याचा हंडा ओणवा धरून उभे. उन्हाळ्यानं पाणी दोन बोटं उतरलं होतं, ते त्यांना बघवलं नव्हतं.

"जावईबापू, लेकरं तहानली व्हती. माझ्या हंड्यातलं दिलं. रातभर तांब्यात ठिवलेलं, एकदम औषध!"

माणूस इतका मायाळू की रागवायलाही जागा नाही. झिंगे सैरावैरा पळायला लागले. एक आडवा पडला. पापडांना घर मिळालं, हे मी उभ्या उभ्या मान्य करून टाकलं.

बायको आली. तिनं पेटीकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. "सरका," म्हणाली, आणि न्हाणीतल्या निळ्या ड्रमकडे गेली. पुढचा नळ येईपर्यंतचं घराचं पाणी त्यात होतं. नळीनं पेटीतलं उपसायचं, ड्रममधलं बारीक धारेनं सोडायचं. पुन्हा उपसायचं, पुन्हा सोडायचं. ड्रमचा तळ खणखणला तेव्हाच ती थांबली.

सासरे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे. "पोरी, माझी आंघोळ?"

"बाबा, गावी जाऊन करा."

दुपारपर्यंत दोन झिंगे गेले. बाकीचे शेवाळावर चरायला लागले. सासरे बिनआंघोळीचे काळीपिवळी जीपमध्ये बसले आणि आता गावभर सांगतात, जावयाच्या घरी माझ्या वाट्याचं पाणी किड्यांना पाजलं. मी सांगतो त्यात थोडंच खरं असतं, ते लोकांना पटतं. त्यांचं सगळंच खरं आहे, म्हणून कुणाला पटत नाही.

पापड यंदाही पत्र्याच्या डब्यात. मी बायकोला विचारलं, पेटी आयती हातात येत होती, मग?

"मापात चुकले व्हते," ती म्हणाली. "बसले नसते पापड."